शाळेत किंवा तालमीत मुलग्यांचा गट कसा सुरू कराल? पहिल्या वर्षाची वाट

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात गेली सहा वर्षं मी आठवी-नववीच्या पोरांचा गट चालवतो. राग, शरीर, घरकाम, मुलींशी वागणं यावर मोकळं बोलायचा. दर शनिवारी शाळा सुटल्यावर सव्वा तास. मी शिक्षक नाही आणि समुपदेशकही नाही. पतसंस्थेत नोकरी करतो, संध्याकाळी तालमीत असतो.

पहिलं वर्ष हातचं गेलं. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर ‘स्त्रीसन्मान’ असं लिहिलं आणि ४० मिनिटं बोललो. समोर २८ पोरं माना खाली घालून बसलेली. ‘समजलं का?’ विचारल्यावर एका सुरात ‘होय सर’. पुढच्या शनिवारी ११ आली, त्याच्या पुढच्या शनिवारी ४. त्या चौघांतला एक जण जाताना म्हणाला, “दादा, तुमी बोलताय ते बरोबर हाय, पण आमीच कायतरी केलंय आसं वाटतंय.”

ते वाक्य मला लागलं. तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी पोराचं स्वतःचं दुखणं, मग त्याचं घर, मग शरीर, आणि मुलींचा विषय सगळ्यात शेवटी. मुलींशी नीट वागायला शिकवणं हे कमी महत्त्वाचं म्हणून ते शेवटी ठेवत नाही. ज्या पोराचं कुणी कधी ऐकून घेतलेलं नाही, त्याला दुसऱ्याचं ऐकून घे म्हणून सांगता येत नाही, हे पहिल्या वर्षी कळलं, म्हणून.

१. आधी झालेलं काम पाहून घ्या

आपल्याकडे हे काम नवं नाही. स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध पुरुषांमध्ये पुरुषांनीच काम करावं म्हणून मुंबईत १९९३ साली ‘मावा’ ही संघटना उभी राहिली. २००८ पासून मुंबई महापालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर ‘जेम्स’ नावाचा, मुलगा-मुलगी समानतेवरचा उपक्रम झाला. टाटा समाजविज्ञान संस्था, कोरो ही संस्था आणि आयसीआरडब्ल्यू ही स्त्रियांविषयी संशोधन करणारी संस्था यांनी तो मिळून राबवला. काही शाळांत फक्त मोहीम होती: पोस्टर, नाटुकली, स्पर्धा. काही शाळांत मोहिमेच्या जोडीला वर्गात नियमित गटचर्चा होत्या. जिथे गटचर्चा झाल्या तिथे मुलांच्या विचारात जास्त फरक पडला. मुंबईतच ‘परिवर्तन’ उपक्रमात क्रिकेटचे प्रशिक्षक सरावाला जोडून पोरांशी या विषयावर बोलायचे. पुण्यात इक्वल कम्युनिटी फाउंडेशन वस्त्यांमधल्या किशोरवयीन मुलांबरोबर काम करते.

यातून नवख्याने एक गोष्ट घ्यावी. एका दिवसाचं शिबिर, पाहुण्यांचं भाषण आणि शेवटी वडापाव, यातून काही होत नाही. आठवड्याला एक तास, तोच माणूस, तीच पोरं आणि अख्खं वर्ष, एवढी तयारी असेल तरच हात घाला.

२. जागा ठरवा

शाळेत पोरं आयती मिळतात, पण ती शाळेतल्यासारखीच वागतात. मी म्हणेन, शाळेची परवानगी घ्या, पण बसा मैदानावर, झाडाखाली किंवा तालमीत. पहिली ते आठवीचा ‘आनंददायी शनिवार’ जिथे नीट चालतो तिथे मुख्याध्यापकांना तास देणं सोपं जातं. नववीसाठी शारीरिक शिक्षणाचा शेवटचा तास मागा.

आमच्याकडे तालीम ही मोठी सोय आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, तालीम म्हणजे नुसती रग. आत येऊन पाहा. गावोगावचे पैलवान तिथे राहतात तेव्हा आपलं जेवण आपण बनवतात, थंडाई घोटतात, एकमेकांच्या अंगाला तेल लावून रगडतात. कुणाचा खांदा निखळला तर रात्रभर उशाशी बसतात. वस्ताद हुंदका आलेल्या पोराला हाकलून देत नाही. म्हणजे पुरुषाने चूल पेटवणं, पुरुषाने पुरुषाची काळजी घेणं हे आमच्या मातीतलंच आहे. फक्त ते तालमीच्या उंबऱ्याबाहेर येत नाही. गटात पहिल्यांदा हे बोललो तेव्हा पोरांनी माना वर केल्या.

तुमच्या गावात तालीम नसेल तर कबड्डीचा संघ, ढोल-ताशा पथक, गोविंदा पथक, भजनी मंडळ, वाचनालय, काहीही चालेल. पोरं आपल्या पायाने जिथे येतात, ती जागा.

*सापळा:* मंडळाचे कार्यकर्ते किंवा गावातले पुढारी आपणहून मदतीला येतील. सतरंजी घ्या, चहा घ्या, पण पोरांचे फोटो कुणाच्याही वाढदिवसाच्या फ्लेक्सवर जाऊ देऊ नका. एकदा गेले की अर्ध्या गावाच्या घरची पोरं यायची बंद होतात.

३. कागदपत्रं आणि सामान

कंटाळा येतो, तरी हे सगळं पहिल्या तासाच्या आधी हातात असू द्या:

- मुख्याध्यापकांना अर्ज आणि त्यांचं लेखी परवानगीपत्र. अर्जात दिवस, वेळ, इयत्ता, विषयांची यादी आणि तुमच्याबरोबर गट चालवणाऱ्या सोबत्याचं नाव.
- शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतला ठराव. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे पुढे कुणी ओरड केली तर हा ठराव कामी येतो.
- तुमचा आणि सोबत्याचा पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणी दाखला. अर्ज ऑनलाइन होतो. शाळेने मागितला नाही तरी स्वतःहून द्या.
- प्रत्येक पालकाचं संमतीपत्र, साध्या मराठीत, एका पानाचं. ‘लिंगभाव समानता विषयक जाणीवजागृती’ असं लिहू नका. ‘मुलांचा राग, मैत्री, शरीरातले बदल, घरकाम, मोबाइल आणि मुलींशी वागणं यावर बोलू’ असं लिहा.
- हजेरीची वही आणि तिच्यापासून वेगळी अशी तुमची टिपणवही. टिपणवहीत पोरांची नावं लिहायची नाहीत.
- शाळेतल्या सखी सावित्री समितीच्या, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या समितीच्या, सदस्यांची नावं आणि फोन. राज्यात २०२२ पासून शाळांमध्ये ही समिती नेमायची आहे. तुमच्या शाळेत ती कागदावरच असेल तर तिची पहिली खरी बैठक तुमच्यामुळे होऊ द्या.

सामान थोडं लागतं: सतरंजी, जाड कागद, स्केचपेन, चिठ्ठ्या टाकायला झाकणाचा डबा, प्रथमोपचार पेटी, पाण्याची कळशी. एका गटात १५ ते १८ पोरं पुरेत. जास्त झाली की मागची रांग तयार होते, आणि मागची रांग तयार झाली की वर्ग झाला.

४. एकट्याने चालवू नका

दोन मोठी माणसं कायम हवीत. दार उघडं, कुठल्याही पोराबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही, रात्री खासगी मेसेज करायचे नाहीत, गाडीवरून एकट्याला घरी सोडायचं नाही. पोरांच्या रक्षणासाठी हे आहे, आणि तुमच्याही. सोबती निवडताना गावात त्याची घरातली वागणूक कशी आहे ते पाहा. पोरांना सगळं ठाऊक असतं. जो माणूस बायकोवर ओरडतो तो गटात बसून काहीही बोलला तरी पोरं एकमेकांकडे पाहतात.

५. पहिले सहा शनिवार: मुलींचा विषय काढायचा नाही

सुरुवात खेळाने. आम्ही २० मिनिटं कबड्डी खेळतो. खेळ झाला की घाम असतो, छातीचा भाता चाललेला असतो, आणि पोरं गोल करून बसायला तयार असतात.

दुसऱ्या वर्षी तिसऱ्या शनिवारी एक चढाई करणारा पोरगा गुडघ्यावर पडला. चांगला दोन इंच सालटं निघालं होतं आणि त्यात खडी रुतली होती. तो उभा राहिला, मूठभर माती घेऊन जखमेवर दाबली आणि म्हणाला, “काय न्हाई दादा, बारकंसं लागलंय.” डोळ्यांत पाणी होतं. बाकीची ओरडली, “मर्द हाय आमचा!” मी खेळ थांबवला. कळशीतलं पाणी ओतून जखम धुतली, खडी काढली. काढताना तो माझा दंड घट्ट धरून होता. मग मी एवढंच विचारलं, “लागल्यावर लागलं म्हणायला कधी बंद केलंस?” तो काही बोलला नाही. बाजूचा बोलला: चौथीत. मग दुसरा. मग तिसरा. त्या दिवशी मला ४० मिनिटं तोंड उघडावं लागलं नाही.

असा प्रसंग घडेल याची वाट पाहायची गरज नाही. चिठ्ठ्यांचा तास घ्या. प्रत्येकाने ‘तू मुलगा असून...’ या अर्थाचं, स्वतः ऐकलेलं एक वाक्य नाव न घालता लिहायचं आणि डब्यात टाकायचं. मग एकेक चिठ्ठी काढून वाचायची. ‘मुलगा असून रडतोस?’, ‘बांगड्या भर’, ‘बायल्या’, ‘पोरीकडनं मार खाल्लास?’, ही दरवर्षी येतात. एका वर्षी एक चिठ्ठी निघाली: ‘आता तूच घरचा कर्ता.’ वडिलांच्या दहाव्याला पाहुण्यांनी १३ वर्षांच्या पोराला हे सांगितलं होतं. चांगल्या मनाने सांगितलं असेल. त्या दिवसापासून त्याने खेळायला येणं सोडलं होतं. गटात परत आला तो आईने हाताला धरून आणला म्हणून.

२०२२ साली देशात नोंद झालेल्या आत्महत्या १,७०,९२४. त्यात दर १०० मागे जवळपास ७२ पुरुष होते. कर्ज, आजार, घरातले तंटे, कारणं अनेक असतात. पण ‘मला झेपत नाही’ हे तीन शब्द तोंडातून न निघणं हे मी माझ्या गावात पाहिलं आहे. ते शब्द तेराव्या वर्षी सवयीचे व्हावेत म्हणून हे सहा शनिवार.

*सापळा:* कुणी रडलं तर टाळ्या वाजवू नका, ‘शाब्बास’ म्हणू नका, फोटो तर अजिबात नको. पाण्याचा पेला पुढे करा आणि गप्प बसा.

६. घड्याळाचा तास

सातव्या-आठव्या शनिवारी घरात शिरा. मोठ्या कागदावर दोन गोल काढायचे, २४ तासांचे. एकात स्वतःचा दिवस, दुसऱ्यात आईचा किंवा घरातल्या मोठ्या बाईचा. आईचा गोल पोरं पटकन भरतात: स्वयंपाक, शेत, टीव्ही, नऊला झोप. यावर काही बोलायचं नाही. फक्त सांगायचं की आठवडाभर बघून या.

एक पोरगा पुढच्या शनिवारी कागद घेऊन आला. नऊच्या जागी त्याने सव्वाअकरा केलं होतं आणि सकाळचा काटा पावणेपाचला नेला होता. डेअरीला दूध घालायचं म्हणून आई त्या वेळेला धार काढायला उठते. “मला वाटायचं म्हशीचं दूध बाबा काढत्यात,” तो म्हणाला. “बाबा फक्त घालाय जात्यात.”

यानंतर आकडा सांगितला तर तो मनात बसतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. तीही जे करतात त्यांची. आणि करणारे पुरुष १०० मागे २६.

मग प्रत्येकाने एक काम निवडायचं आणि महिनाभर करायचं. ‘आईला मदत’ हा शब्द आमच्या गटात वापरत नाही. मदत म्हटलं की काम तिचंच राहतं. आपलं ताट, आपला गणवेश, आपलं अंथरूण, इथून सुरू करा. लगेच भाकरी थापायला लावू नका. विरोध बहुतेक वेळा आजीकडून येतो: ‘बाप्या माणसाला भांडी घासाय लावताय?’ आजीशी वाद नको. तिच्या घरी जा, चहा घ्या, पेला विसळून ठेवा.

७. शरीराचे प्रश्न

आमच्या भागात ‘मर्दानगी’ हा शब्द पोरं पहिल्यांदा कुठे वाचतात? एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीवर, रंगवलेल्या जाहिरातीत. खाली फोन नंबर आणि ‘गुप्त सल्ला’. पंधरा वर्षांच्या पोराला त्या भिंतीने सांगितलेलं असतं की तुझ्यात काहीतरी कमी आहे आणि ते विकत मिळतं.

डबा पुन्हा काढा, निनावी प्रश्न घ्या. झोपेत वीर्य जाणं, हस्तमैथुन, आकार, मिसरूड न फुटणं, आवाज फुटणं, छाती थोडी वाढणं, हेच प्रश्न येतात. पहिल्या दोन गोष्टींनी अशक्तपणा येत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा. या वयात छातीत येणारी गाठ बहुतेक मुलांत आपोआप जाते, हेही सांगा. उरलेल्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या, किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या ‘मैत्री’ केंद्रातले समुपदेशक किंवा आरोग्य केंद्रातले डॉक्टर बोलवा. मासिक पाळी याच तासात घ्या, आणि ती पोरांनाही नीट, आकृती काढून शिकवा. घरात बहीण असते, आई असते.

गटात एखादा पोरगा हळू आवाजाचा, वेगळ्या चालीचा असतो. त्याला काय काय नावं ठेवली जातात ती तुम्हाला माहीत आहेत. त्याच्यावर चर्चा घेऊ नका आणि त्याचं उदाहरणही देऊ नका. नियम एकच ठेवा: या सतरंजीवर टोपणनाव चालत नाही. तो नियम पहिल्या दिवसापासून सगळ्यांना लागू असला की त्याच्याकडे वेगळं बोट जात नाही.

८. मुली, प्रेम आणि मोबाइल

आता बोला. दिवाळीच्या सुट्टीनंतर. तोवर पोरांना तुमचा भरवसा आलेला असतो.

नकाराचा सराव करून घ्या. जोड्या करा. एकाने वही मागायची, दुसऱ्याने ‘नाही’ म्हणायचं, आणि मागणाऱ्याने ‘बरं’ म्हणून परत यायचं. कारण विचारायचं नाही. ऐकायला बाळबोध वाटतं, पण ‘बरं’ म्हणून वळताना पोरांचे चेहरे बघा. किती जणांना ते जमत नाही ते दिसेल. मग विचारा: आज वहीसाठी एवढं अवघड गेलं, तर तिने नाही म्हटल्यावर काय होईल?

कायदा कोरडा वाचू नका, पण या चार गोष्टी पोरांना माहीत असायलाच हव्यात:

- नाही म्हटल्यावर पुन्हा पुन्हा मागे जाणं, मेसेज करणं, तिच्यावर ऑनलाइन पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे गुन्हा आहे.
- १८ वर्षांखालच्या मुलीची ‘संमती’ पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, मानत नाही. दोघांचं प्रेम असलं तरी. आरोपी स्वतः १८ च्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं.
- अल्पवयीन मुलामुलींचे अश्लील फोटो-व्हिडिओ पुढे पाठवणं हा गुन्हा आहे. ‘मी काढला नव्हता, फक्त फॉरवर्ड केला’ हे चालत नाही.
- पोक्सो मुलग्यांचंही तितकंच रक्षण करतो. हे ऐकून दरवर्षी कुणीतरी मान वर करतो. त्याच्याकडे लगेच बघू नका. नंतर त्याला बोलायची संधी ठेवा.

मोबाइलवरच्या रील्स सोबत बसून पाहा. ज्यात कुणीतरी दंड दाखवत ‘पोरींना काय कळतंय’ असं सांगतो, त्या. बंदी घातली तर पोरं एकटी पाहतात. सोबत पाहिल्या आणि ‘हा माणूस तुला काय विकतोय?’ एवढं विचारलं तरी पुरतं. बऱ्याचदा पोरंच शोधून काढतात: कोर्स, पावडर, नाहीतर फॉलोअर.

मित्र चुकत असेल तर काय करायचं, हा भाग विसरू नका. भर चौकात त्याला सुनावायला फार कमी पोरांत धाडस असतं. पण ‘चल, सरावाला उशीर होतोय’ म्हणत त्याला तिथून ओढून नेणं जमतं. हे छोटे मार्ग गटात करून पाहा.

९. एखादा पोरगा काही सांगतो तेव्हा

इथे मी चुकलो होतो. दुसऱ्या वर्षी एका पोराने ‘कुणाला सांगणार नाही म्हणा, मग सांगतो’ अशी अट घातली. मी शब्द दिला. त्याने सांगितलं ते त्याच्यावर झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल होतं. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती कळलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा आहे. मला शब्द मोडावा लागला. पोरगं सुरक्षित झालं, पण माझ्याशी कित्येक आठवडे बोललं नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

म्हणून पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर हे वाक्य म्हणा आणि दर महिन्याला म्हणत राहा: ‘इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला, अंगाला धोका असेल तर मी ते योग्य माणसाला सांगणार, आणि सांगण्याआधी तुम्हाला सांगणार.’

कुणी सांगायला लागलं तर:

- ऐका. खोदून विचारू नका, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. तपास तुमचं काम नाही.
- ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही’ हे म्हणा.
- १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तातडी असेल तर ११२. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी कळवा. ‘शाळेचं नाव जाईल, आपसात मिटवू’ असं कुणीही म्हटलं तरी थांबू नका.
- स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावून फोन त्याच्या हातात द्या आणि शेजारी बसून राहा.

हे चार नंबर जाड अक्षरात लिहून तालमीच्या भिंतीवर लावा: १०९८, ११२, १४४१६, आणि बायकांसाठीचा १८१.

१०. बापांना बोलवा

पालकसभेला आया येतात. बाप येत नाहीत. आम्ही ‘सभा’ म्हणणं सोडलं आणि कबड्डीचा सामना ठेवला, बाप विरुद्ध पोरं. १७ पोरांचे ९ बाप आले. सामन्यानंतर पोरांनी आपापल्या बापाला एकच प्रश्न विचारायचा होता: ‘माझ्याएवढे होता तेव्हा तुम्हाला कशाची भीती वाटायची?’ एक सेंट्रिंगवाले काका बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बापाची.” पोरगा त्यांच्याकडे बघत राहिला. दोघं गाडीवरून गेले तेव्हा पोरगा पुढे बसून गाडी चालवत होता, जे त्याच्या वयात नको होतं आणि ते मी पुढच्या शनिवारी बोललोही.

११. मार्चमध्ये काय कराल

स्नेहसंमेलनात ‘बदललेले मुलगे’ असं नाटक बसवायचा मोह होतो. नका करू. पोरांना बक्षीस लागतं, आणि घरी पुन्हा ताट तिथंच पडतं. त्यापेक्षा घड्याळाचा कागद पुन्हा काढा आणि सातव्या-आठव्या शनिवारच्या कागदाशेजारी ठेवा. फरक दिसला तर पोरं स्वतः बोलतात. नाही दिसला तर तेही लिहून ठेवा. माझ्याकडे दोन वर्षं जवळजवळ काहीच फरक नसलेली आहेत. एका वर्षी सोबती अर्ध्यात बदलला, दुसऱ्या वर्षी मी स्वतः सहा शनिवार चुकवले.

नववीतून दहावीत जाणाऱ्या पोरांपैकी दोघा-तिघांना पुढच्या गटासाठी ‘दादा’ म्हणून घ्या. जे छान बोलतात त्यांना नको. जे वेळेवर येतात, सतरंजी झटकतात, नव्या पोराला सरकून जागा देतात त्यांना. एप्रिलमध्ये त्यांच्याबरोबर दोन दिवस बसा, टिपणवहीतून कुठला तास फसला ते दाखवा. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यातच नवा अर्ज द्या. मुख्याध्यापक बदललेले असू शकतात, म्हणून जुन्या परवानगीपत्राची आणि समितीच्या ठरावाची प्रत सोबत न्या, आणि शनिवारचा शेवटचा तास वेळापत्रक छापायच्या आधी मागून घ्या.